धुतलेलं जंगल

स्कूटी सावलीत लावायला म्हणून रंजीता इमारतीच्या मागच्या अंगाला गेली आणि तिला नालीतून निळं पाणी जाताना दिसलं. चंद्रपूरच्या एप्रिलात नालीला पाणी असणं हीच मुळात नवलाची गोष्ट. नळ एक दिवसाआड, आणि वरच्या मजल्यांच्या नशिबी त्यातूनही नुसती हवा. तेव्हा एवढं पाणी सोडतंय कोण, या विचारानंच तिचं डोकं तडकलं. उन्हातून आलेलं डोकं ते, त्याला निमित्तच हवं होतं. तिनं मान वर केली. भिंतीवरून उतरणाऱ्या पांढऱ्या पाइपातून पाणी भळाभळा येत होतं, निळं, मग पिवळट, मग पुन्हा निळं, आणि नालीत पडून हातभर पुढे गेलं की हिरवं होत होतं. कुणीतरी साड्या रंगवतंय झालं, असं ती स्वतःशी पुटपुटलीसुद्धा. पण पाय हलेनात. निळ्यापिवळ्याचं असं हिरवं होताना तिनं एकाच ठिकाणी पाहिलं होतं, आणि ते नीट दिसावं म्हणून दिवाळीपासून ती रोज भिंतीसमोर डोळे बारीक करून उभी राहत होती. मग वास आला. ओल्या सरसाचा, कातडं शिजवल्यासारखा, वडशाच्या जुन्या घराचा वास. पाइप दुसऱ्या मजल्यावरून, तिच्याच मोरीतून येत होता.

दार नुसतं लोटलेलं होतं. कूलर घरघरत होता आणि मोरीत माय पाटावर बसून धोपाटण्यानं पडदा बडवत होती. पंचाहत्तरी ओलांडलेली बाई, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हात कोपरापर्यंत निळे, कपाळावर पिवळा शिंतोडा. पडद्याचं एक टोक टबात, दुसरं मोरीच्या उंबऱ्यावरून बाहेर फरशीवर, आणि दोन्हींच्या मध्ये बाबांनी रंगवलेलं जंगल सुटत चाललेलं. धबधबा गेला होता. हरणं गेली होती. एका झाडाचा बुंधा अजून उभा होता, पण रंजीता बघत असतानाच मायनं त्याच्यावर लोटाभर पाणी ओतलं आणि तोही गेला.

"आली का," माय म्हणाली. "ड्रमातलं पानी सरलं पाह्य. टँकरवाल्याले फोन लाव."

तळपायाची आग मस्तकात जाते असं आपण सहज म्हणतो. रंजीताच्या मस्तकात ती गेली आणि तिथे तिला जागा पुरली नाही. कानांतून, डोळ्यांतून, बोटांच्या टोकांतून ती बाहेर पडायला बघू लागली. आयटीआयमध्ये मुलींना शिवणकाम शिकवताना कुणी महागाच्या कापडावर उलटी कात्री चालवली की रंजीताबाईंचा आवाज तीन खोल्यांपलीकडे जातो, अशी तिची ख्याती होती. आणि इथे तिच्या तोंडून शब्द फुटेना. तोंड उघडलं तर आपण आपल्या जन्मदात्री मायला असं काही बोलू की ते पुन्हा पोटात घेता यायचं नाही, एवढं तिला त्या संतापातही कळत होतं. ती चपला न काढता तशीच पुढच्या खोलीत गेली आणि दिवाणावर बसली. मोरीतून धोपाटण्याचा आवाज येत राहिला. ठप. ठप. त्या बाईला अजून दमसुद्धा लागलेला नव्हता.

बाबा म्हणजे इसरू पेंटर, वडशाच्या नाटक कंपन्यांचा पडदेवाला. धान घरात आलं की झाडीपट्टीत गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते आणि मंडईला नाटक हवंच. ते रात्रभर चालतं. त्याला महाल लागतो, तुरुंग लागतो, आणि जंगल तर हटकून लागतं, कारण नायिकेला पळवून न्यायला खलनायकाला दुसरी जागा माहीत नसते. चारही बाजूंनी खरं जंगल असलेल्या गावात लोक रग पांघरून इसरू पेंटरच्या जंगलापुढे बसत आणि श्वास रोखत. त्या जंगलात एक मोह नव्हता की साग नव्हता. कुठल्याशा कॅलेंडरावरची उंच झाडं, मागे धबधबा, धबधब्याखाली दोन हरणं, आणि का कुणास ठाऊक, एक राजहंस. ब्रह्मपुरीला कॉलेजात असताना मैत्रिणींबरोबर रंजीता एकदा नाटकाला गेली, पडदा उघडला, पोरी राजहंसाला बघून खिदळल्या, आणि हा पडदा माझ्या बाबांचा आहे हे तिनं त्यांना सांगितलं नाही. पण हिरव्याचं बाबांचं स्वतःचं एक शास्त्र होतं. पुडीतला हिरवा दिव्याखाली मरतो, असं ते म्हणत. म्हणून ते निळीच्या ठिपक्याला खेटून पिवडीचा ठिपका देत, पुन्हा नीळ, पुन्हा पिवडी, असे हजारो. जवळून पाहिलं तर झाडांना गोवर आल्यासारखं दिसे. मंडपाच्या शेवटच्या रांगेतून पाहिलं तर पानं हलत.

आणि हंगाम संपला की पडदे धुतले जात. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर त्याला खरं वाटत नाही. सरसात कालवलेला रंग, पाण्यात भिजला की सुटतो. कंपनीला दरवर्षी नवी दृश्यं हवीत आणि मांजरपाट काही झाडाला लागत नाही, तेव्हा होळीच्या आगेमागे बाबा पडद्यांच्या गुंडाळ्या मायच्या डोक्यावर देत आणि माय त्या वैनगंगेवर घेऊन जाई. रंजीता बरोबर जायची. मायनं पहिला पडदा पाण्यात सोडला की नदीच्या त्या तुकड्यावर महाल पसरे, त्याच्या कमानी वाकड्या होत, मग खांब लांबत जात, मग नुसता गुलाबी रंग वाहत खालच्या बायांच्या धुण्यापर्यंत पोचे आणि त्या तिथून शिव्या घालत. पुढच्या साली त्याच कापडावर तुरुंग. असं करता करता कापड विरलं की मग त्याची गोधडी. घरातल्या सगळ्या गोधड्या पडद्यांच्याच. रंजीता आणि तिचा भाऊ प्रवीण ज्या गोधडीत झोपत तिच्यावर निरखून पाहिलं तर एक पुसट कमान दिसे, आणि राजवाडा माझ्या अंगावर आला की तुझ्या, यावरून दोघांची भांडणं होत. मायनं कधी त्या भांडणात लक्ष घातलं नाही. ती दात लावून दोरा तोडत बसलेली असे.

एकच पडदा बाबांनी धुवायला दिला नाही. हे जंगल. एका हिवाळ्यात मोठ्या शहरातला एक नाटकवाला झाडीपट्टीची नाटकं बघायला आला होता. नाटक संपल्यावर तो रंगमंचावर चढला, पडद्याला नाक लावून उभा राहिला, मग उतरून मंडपाच्या टोकापर्यंत चालत गेला, तिथून पाहिलं, आणि परत येऊन त्यानं बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं काय म्हटलं ते बाबा पुढे आयुष्यभर सांगत राहिले आणि दरवर्षी ते थोडं थोडं वाढत गेलं. पण त्या दिवसापासून जंगल कंपनीला मिळालं नाही. ते पत्र्याच्या पेटीत गेलं. बाबा गेल्यावर, वडशाचं घर प्रवीणच्या वाट्याला आणि माय रंजीताच्या वाट्याला आली तेव्हा, मायच्या लुगड्यांबरोबर ती पेटीही चंद्रपूरला आली. उंदरांनी दोन्ही कडा खाल्ल्या होत्या. मधले तीन पट्टे तेवढे शिल्लक होते, धबधबा, हरणं आणि झाडं. राजहंस उंदरांच्या पोटात गेला होता, आणि खरं सांगायचं तर रंजीताला त्याचं वाईट वाटलं नव्हतं.

तेवढ्या तीन पट्ट्यांवर सगळं उभं होतं. गेल्या पावसाळ्यात पुनम नावाची एक बाई पुण्याहून आली. ती कापडकामाची प्रदर्शनं भरवते. कुणीतरी तिला रंजीताच्या गोधड्यांचे फोटो दाखवले होते. गोधड्या पाहून ती छान छान म्हणाली, चहा प्याली, आणि निघता निघता तिनं पेटीवर टाकलेला पडदा पाहिला. मग ती फरशीवरच बसली. परदेशातल्या मोठमोठ्या चित्रकारांनी जे केलं ते वडशाच्या एका माणसानं नीळ आणि पिवडी घेऊन केलं आहे, असं ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. ठरलं असं की रंजीतानं या पडद्यावरून एक गोधडी करायची. नक्कल नाही, त्याच्या रीतीनं केलेली गोधडी. दोन्ही शेजारी शेजारी टांगायची, इसरू पेंटरचं जंगल आणि त्याच्या मुलीचं. येत्या आठवड्यात न्यायला गाडी येणार होती. बाबांचं नाव आजवर पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातून कधी बाहेर पडलं नव्हतं.

दिवाळीपासून रंजीता कामाला जुंपली होती. सबंध गोधडीत हिरव्या कापडाची एक चिंधी नव्हती. आयटीआयच्या गणवेशांच्या कातरणीतला निळा, हळदीच्या साड्यांतला पिवळा, आकाशी, मोरपंखी, लिंबी, भंडाऱ्याच्या रंगाचा. नखाएवढे तुकडे, निळ्याला खेटून पिवळा, आणि वरून धावदोरा, तोही निळ्यावर पिवळा, पिवळ्यावर निळा. पहिले पंधरा दिवस भिंतीवर नुसतं गबाळ दिसत होतं. मग एका सकाळी ती जिन्यापर्यंत मागे गेली, उघड्या दारातून पाहिलं, आणि पान हललं. तिथेच पायरीवर बसून ती रडली. बाबा जिवंत असताना त्यांच्या कामाकडे आपण एकदाही दहा पावलं मागे जाऊन पाहिलं नाही, हे तिला त्या पायरीवर कळलं. माय आतून विचारत होती, दार काऊन उघडं टाकलं, माश्या येऊन राह्यल्या.

पुनमचा फोन आठवड्याला येई आणि प्रत्येक फोननंतर रंजीताचा पारा चढे. आदिवासी वनकला असं नाव पुनमनं प्रदर्शनाच्या त्या भागाला दिलं होतं. आम्ही आदिवासी नाही, बाबाही नव्हते, रंजीतानं सांगितलं. अगं पण गडचिरोलीकडचं म्हणजे तेच ना, पुनम हसून म्हणाली. मग एखादा वाघ घालता येईल का, असंही तिनं विचारून पाहिलं. बाबांनी जन्मात वाघ काढला नाही. वाघ काढला तर लोक नाटक सोडून वाघाकडे बघतील, असं ते म्हणत. रंजीतानं वाघ घातला नाही आणि नावावरून भांडण चालू ठेवलं. प्रवीणशी तर बोलणंच टाकलं होतं. त्याचं वडशात फ्लेक्सचं दुकान. आता नाटकांचे पडदे तोच छापतो, हव्या त्या मापाचे, पाणी लागलं तरी न बिघडणारे. पडदा एकदा मशीनवर घाल, मी पाहिजे तेवढी जंगलं काढून देतो, असं तो म्हणाला होता, आणि बाबांना तू फ्लेक्सवर लटकवशील का, म्हणून तिनं त्याला फोनवर धुतलं होतं. मोबाइलमध्ये तिनं स्वतः काढलेले पडद्याचे फोटो होते. मोबाइल मोठा शहाणा, त्यानं निळ्यापिवळ्याचा सरळ हिरवा करून टाकला होता. गोधडीचा खालचा उजवा कोपरा अजून व्हायचा होता. तिथे झाडांखालचा अंधार होता, आणि बाबांनी तो काळा न वापरता कसा केला ते समजून घ्यायला तिनं तो मुद्दाम शेवटाला ठेवला होता.

ठप. ठप. मोरीत तो कोपरा आता धोपाटण्याखाली असेल किंवा नालीत. रंजीता उठली. मोरीच्या दारात जाऊन उभी राहिली. आवाज चढवायचा नाही असं तिनं ठरवलं आणि तो चढला नाही, पण त्यामुळे तो तिचा वाटला नाही.

"हे काऊन केलं तू, माय?"

मायनं वर पाहिलं. "काऊन म्हंजे? पडद्याची गोधडी उरकाची हाय म्हनली ना तू सकाळी. मंग धुवाले नाई लागत?"

आणि एका क्षणात रंजीताच्या रागाच्या पायाखालची जमीनच सरकली. सकाळी केस विंचरता विंचरता ती असं म्हणाली होती खरं, दिवस राहिले नाहीत, आता पडद्याची गोधडी उरकायलाच हवी. आणि त्या घरात पडद्याची गोधडी करायची म्हणजे पहिलं काम पडदा धुणं. तीस-चाळीस वर्षं ज्या बाईनं हेच केलं, तिनं आज वेगळं काय केलं? लेक कामावरून दमून येते, तोवर आपण एवढं उरकून ठेवावं, म्हणून म्हातारीनं ड्रमाचं पाणी उपसलं होतं, सांधे दुखतात ते विसरून पाटावर बसली होती. कुणावर चिडायचं? रंजीताला हुंदका आला. ती खाली वाकून मायच्या हातातलं धोपाटणं काढून घेणार होती, राहू दे म्हणणार होती, चहा मांडणार होती. तोंड पुसावं म्हणून ओढणी शोधायला ती वळली आणि मघाशी रागात न दिसलेली भिंत तिला दिसली.

भिंतीवरच्या गोधडीवर चादर टाकलेली होती. नुसती टाकलेली नव्हती. वरच्या कडेला टाचण्यांनी टाचली होती, खालून आत खोचली होती, शिंतोडे उडू नयेत अशी. समोरच्या भिंतीवरून पडदा काढताना त्याच्या सुतळ्या कापल्या नव्हत्या, गाठी सोडवल्या होत्या, आणि सुतळ्यांची वेटोळी करून खिडकीत ठेवली होती. रंजीता त्या चादरीकडे पाहत राहिली. दिवाळीपासून माय या गोधडीखाली बसून होती. पिवळे तुकडे एका डब्यात, निळे दुसऱ्या डब्यात, हे मायनंच निवडून दिले होते. सुईत दोरा ओवताना दिसत नाही म्हणून कुरकुरायची आणि तरी ओवायची. गोधडी या तुकड्यांची होत आहे आणि पडद्याला सुईचं टोकही लागायचं नाही, हे या घरात मायइतकं कुणाला माहीत होतं? गाडी येणार, पडदा पुण्याला जाणार, हेही तिनं शेजारच्या नीलाबाईंना स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. गेलेला राग परत आला आणि या खेपेला तो गरम नव्हता.

"तुले माहीत होतं," रंजीता म्हणाली.

धोपाटणं थांबलं. मायनं ते टबाच्या कडेला टेकवून ठेवलं. "होतं," ती म्हणाली.

मग तिनं लोट्यातलं उरलेलं पाणी पायांवर घेतलं आणि बोलायला लागली. ओरडली नाही, रडली नाही. बाजारात भाजीचा भाव सांगावा तशी सांगत गेली, आणि रंजीताला उंबऱ्यात उभं राहून ते ऐकावं लागलं. एक रस्त्याचा पडदा होता म्हणे. रंजीता पोटात होती त्या साली बाबांनी तो काढला. नुसता रस्ता, बाकी काही नाही. नाटकात त्याच्यापुढून दोन हुजरे बोलत निघून जात, एवढंच त्याचं काम. पण दिवसा तो अंगणात वाळत टांगलेला असे आणि माय त्याच्यासमोर सूप घेऊन तांदूळ निवडत बसे. तिला दुसरीकडे कुठे बसवत नसे. हंगाम संपला आणि बाबांनी गुंडाळ्या डोक्यावर दिल्या तेव्हा ती म्हणाली, हा रस्त्याचा राहू द्या. लग्नापासून तिनं त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं, हे पहिलंच. बाबा हसले. रस्ता कोण पाहते, म्हणाले, लोकाइले महाल लागते. धू. तशा अवघडल्या अंगानं ती नदीवर गेली आणि धुतला.

"मले वाटे, त्याइले समजतच नसन चांगलं कोन्तं," माय म्हणाली. "मंग तो बाहेरचा मानूस आला, खांद्यावर हात ठेवला, आन दुसऱ्या दिवशी म्हन्ते, याले पानी लावू नको. म्हंजे ठेवता येत होता. बाकीचे मी धुतले ते का वाईट होते?"

पेटीला दर उन्हाळ्यात ऊन दाखवलं, कडुनिंबाचा पाला घातला, उंदरांच्या मागे काठी घेऊन मीच धावली, असं माय सांगत होती, आणि रंजीताला ते सगळं खरं आहे हे आठवत होतं. कडुनिंबाचा पाला, पेटीवर ठेवलेली काठी. बाबा तर पेटी उघडायचेही नाहीत, पाहुणा आला की तेवढी.

"तुले बी त्या पुनमनं सांगतलं तवा समजलं," माय म्हणाली. "तवरक लाज वाटे तुले. मले दिसे ते."

हे खोटं असतं तर बरं झालं असतं. रंजीताला एकदम घाम फुटला, कूलरच्या वाऱ्यातही. या बाईनं आपल्या बापाचं शेवटचं काम नालीत सोडलं, आणि वर आपल्यालाच ऐकवते आहे, आणि बरोबर ऐकवते आहे. बरोबर असल्याचाच जास्त संताप येत होता. तिला ती चादर ओढून काढावीशी वाटली, गोधडी उसवून मायच्या अंगावर फेकावीशी वाटली. मग त्याच वेळी का नाही धुतलास, तिनं विचारलं, ते जिवंत असताना का नाही, एवढी वर्षं पाला घालत का बसलीस, आता माझ्याच घरात येऊन माझ्याच कामाची माती का केलीस. आवाज आता चांगलाच चढला होता. खाली कुणीतरी दार उघडल्याचं ऐकू आलं.

"तवा ते होते ना," माय म्हणाली.

रंजीतानं भिंतीला पाठ टेकली. पाइपात पाणी गुळगुळ करत उतरत होतं. आणि मग, रागातून वर येताना माणसाचा हात सवयीनं आपल्या कामाकडे जातो तसा, तिचा जीव गोधडीकडे गेला. कोपरा रिकामा होता. पडदा नव्हता. शेजारी टांगायला आता काही नव्हतं. पण गोधडी होती, कापड होतं, आठवडा होता, आणि जगात कुणी न पाहिलेला इसरू पेंटरचा एक पडदा या पाटावर बसलेल्या बाईच्या डोळ्यांत होता. रंजीता उकिडवी बसली. मायच्या गुडघ्यावर हात ठेवला. निळा ओला गुडघा.

"कसा होता तो रस्ता?" तिनं विचारलं. "सांग मले. मी करतो त्याची गोधडी. तुह्या नावानं करतो."

मायनं तिच्याकडे पाहिलं. नजर निवळली, तोंडावर काहीतरी आलं, हसू नव्हे पण हसण्याच्या आधीचं. रंजीताला वाटलं सांगते आता. वळण कुठे होतं, कडेला झाडं होती की शेत, माती लाल होती का. तिच्या बोटांना कापडं दिसायलाही लागली, विटकरी, भगवट, धुळीचा रंग.

"नाई सांगत," माय म्हणाली.

"काऊन?"

"सांगतलं का तू करशीन. मंग ते पुनम येईन, फोटो काढन, आदिवासी म्हनन. त्याइनं धुवाले लावला तवापासून तो कोनाचाच नाई. माहा हाय तो."

रंजीतानं गुडघ्यावरचा हात काढून घेतला. तळव्याला निळा रंग लागला होता, तो तिनं कुर्त्याला पुसला, चांगल्या कुर्त्याला. ती टबाकडे बघत बसली. पडदा आता मांजरपाट झाला होता. कुठे कुठे पुसट छटा होत्या, तेवढ्या कितीही धुतलं तरी राहतातच, पण झाड कुठलं आणि पाणी कुठलं हे सांगता आलं नसतं. पुनमला काय सांगायचं? प्रवीणला काय सांगायचं? तो हसेल. नाही, तो हसणार नाही, तो गप्प होईल, आणि ते जास्त वाईट. आणि गाडी आली की भिंतीवरचं काय द्यायचं तिच्या हाती, कोपरा नसलेलं जंगल? बाबांच्या नावाखाली? असे एकेक विचार येत होते आणि प्रत्येकाच्या शेवटी ही बाई बसलेली होती, हात कोपरापर्यंत निळे घेऊन. रंजीताला आयुष्यात कुणाचा एवढा राग आला नव्हता. बाबांचाही नाही, आणि बाबांचा तर आता येऊ लागला होता.

माय भिंतीला धरून उठली. तिनं टबातून कापड ओढायला सुरुवात केली. तीन पट्ट्यांचं ओलं मांजरपाट, ते काय एकट्या म्हातारीला आवरतंय? अर्धं वर आलं आणि तिच्या हातातून सुटून पुन्हा पाण्यात पडलं. तिनं पुन्हा ओढलं. रंजीता हलली नाही. पडू दे, तिनं मनात म्हटलं, राहू दे तिथेच, सडू दे. तिसऱ्यांदा मायनं एक टोक शोधून काढलं, घट्ट मुठीत धरलं, आणि लेकीपुढे धरलं. एवढं मोठं कापड एकट्यानं पिळता येत नाही. नदीवरही दुसऱ्या टोकाला कुणीतरी लागायचंच.

रंजीतानं ते टोक घेतलं. घ्यायचं नव्हतं, पण घेतलं, आणि मागे मागे सरत पुढच्या खोलीत गेली, दिवाणापर्यंत, खिडकीपर्यंत. माय मोरीच्या दारात. मध्ये कापड लोंबत होतं आणि फरशीवर पाणी टपकत होतं. मग रंजीतानं पीळ घालायला सुरुवात केली. दोन्ही हातांनी, दात आवळून, सगळा जोर मनगटात आणून. ती कापड पिळतच नव्हती, पलीकडच्या मुठी उघडायला बघत होती. एकदा ते टोक तिच्या हातातून सुटावं, एकदा त्या बाईला काहीतरी सोडावं लागावं. कापडाचा दोर झाला, दोर करकरला, पाण्याची धार सुटली. मायनं उलटा पीळ दिला.

"जोर लाव," ती म्हणाली.

रंजीतानं लावला. मायचे पाय ओल्या फरशीवरून घसरले, ती हातभर पुढे ओढली गेली, तिचा खांदा मोरीच्या चौकटीला लागला. पण तिनं टोक सोडलं नाही.